किब्वानाचा बुशा आणि तातूची जीभ

पांगानी नदी समुद्राला मिळते तिथून थोडं दक्षिणेला आमचं गाव आहे, आणि या गावात किब्वानाला ओळखायला त्याचं तोंड बघावं लागत नसे. कांझूच्या, म्हणजे पायघोळ अंगरख्याच्या, पुढच्या बाजूला, गुडघ्यांच्या वर, आत भोपळा लपवल्यासारखा उंचवटा दिसला की किब्वाना आला म्हणून समजावं. पुरुषाच्या अंडाच्या पिशवीत पाणी भरत जातं, त्याला आम्ही बुशा म्हणतो. आमच्या किनाऱ्यावर त्याचं कुणाला नवल नाही. पण किब्वानाचा बुशा भलताच मोठा. मशिदीत त्याला सजद्यासाठी वाकता येत नसे, म्हणून मागच्या भिंतीला टेकून तो बसल्या बसल्या नमाज पढायचा.

तरीही कुणी त्याला विचारलं असतं, बाबा रे, तुझं खरं दुखणं कोणतं, तर त्यानं बुशाचं नाव घेतलं नसतं. त्याचं दुखणं असं की त्याची बायको तातू त्याला रोज सकाळी "शिकामू" म्हणायची.

शिकामू आम्ही वडीलधाऱ्यांना म्हणतो. सुनेनं सासऱ्याला म्हणावं, शिष्यानं गुरुजींना म्हणावं. बायकोनं नवऱ्याला म्हटलं तर लोक तिच्या आईचं कौतुक करतील. पण तातू किब्वानाच्या मामाची मुलगी, आणि आत्ये-मामे भावंडांत आमच्याकडे थट्टेचं नातं असतं. त्याला उटानी म्हणतात. एकमेकांना वाटेल ते बोलावं, आणि ज्याला राग आला तो नालायक. थट्टेच्या नात्यातली माणसं मयताच्या उशाशी बसूनसुद्धा म्हणतात, "ऊठ रे, किती लोळशील, लोक जेवायचे खोळंबलेत." घरचे रडता रडता हसतात. ज्याला असं कुणी बोलणारं नाही, त्याची मयत आम्हाला फार पोरकी वाटते.

त्यात तातूला देवानं जीभ देताना हात अगदीच सैल सोडला होता.

किब्वाना तेव्हा पाडेली होता. गावातले निम्मे माड त्याच्या पायांना ओळखत होते. पाडेल्यानं माडावर चढण्याआधी खालून मोठ्यानं हाळी द्यायची, हा आमचा रिवाज, कारण वरून सगळ्यांची अंगणं आणि न्हाण्या उघड्या दिसतात. बायकांना आडोशाला जायला वेळ हवा. किब्वाना हाळी द्यायचा, की मामाच्या अंगणातून तातूचा आवाज यायचा, "चढ बाबा, चढ! वरून बघण्यासारखं आमच्याकडे काही नाही. तुझ्या लुंगीतलं मात्र आम्हाला खालून सगळं दिसतंय!" सगळी आळी हसायची. किब्वानाला वर हसू आवरेना, पकड सुटायची वेळ यायची. काझीनं निकाहाच्या वेळी तिला कबूल आहे का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आधी त्याला विचारा, जमिनीवर झोपता येतं का." काझीसाहेबांनाही दाढीआड तोंड लपवावं लागलं.

त्यांचं लग्न म्हणजे असं होतं. सकाळी चहाबरोबर एक टोमणा, रात्री मक्याच्या उगालीबरोबर दोन. किब्वाना उत्तर द्यायला जायचा आणि दर वेळी हरायचा. हरण्यात इतकं सुख असतं हे त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ते त्याच्या चालण्यात दिसायचं.

मग बुशा आला. आधी लिंबाएवढा, मग मुठीएवढा. गावानं लगेच निदान केलं. पाडेली माडाच्या शेंड्यावर बसून शहाळी ढोसतात, ते पाणी जाणार कुठं? खालीच उतरणार. आमच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या मुलालाही माहीत असतं आणि त्यावर वाद घालणाऱ्याला वेड्यात काढतात. किब्वानानं त्या दिवसापासून शहाळं तोंडाला लावलं नाही. लोकांसाठी घडच्या घड उतरवायचा, त्यांची तोंडं कोयत्यानं उडवून द्यायचा, आणि लोक घटाघटा पीत असताना दुसरीकडे बघत उभा राहायचा. बुशा तरीही वाढत राहिला. माड चढायचा म्हणजे मांड्यांनी खोड आवळावं लागतं. एके दिवशी त्याला ते जमेना. त्यानंतर तो घराच्या ओट्यावर बसून झावळ्यांची झापं विणू लागला.

आणि त्याच सुमाराला तातू गप्प झाली. आधी टोमणे कमी झाले. मग जे यायचे त्यांना धार राहिली नाही. एका सकाळी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवून ती खाली मान घालून म्हणाली, "शिकामू."

किब्वानाला वाटलं, ही नवी थट्टा. तो खदाखदा हसला. तातू हसली नाही. चुलीकडे गेली.

त्यानं तिला चिडवून पाहिलं. तिच्या आईला नावं ठेवली, तिच्या चपात्यांना जोड्याचा तळवा म्हटलं. शेवटी एकदा तर तिनं नारळाच्या रसात शिजवलेल्या माशात त्यानं तिच्या देखत मूठभर मीठ ओतलं. पूर्वीची तातू असती तर त्या मिठावर महिनाभर गाव जेवलं असतं. या तातूनं ते पातेलं उचललं, रस्सा ओतून दिला आणि दुसरा मासा शिजवायला घेतला.

त्यातून किब्वानानं जो अर्थ काढायचा तो काढला. बायकोला आपली किळस येते. किळस आलेल्या माणसाची कुणी थट्टा करत नाही, त्याच्याशी नीट वागतात. तो ओट्यावर झोपू लागला, गरम होतं म्हणून. पावसातही त्याला गरम व्हायचं. मुलगी लग्न होऊन मोंबासाला गेली आणि घरात दोन सभ्य माणसं उरली. किब्वाना झापं विणता विणता तिचे जुने टोमणे मनात म्हणायचा. एकटा असला की ओठ हलवून म्हणायचा. वाटेनं जाणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा जपमाळ ओढतोय.

अशी किती वर्षं गेली ते तो मोजत बसला नाही. डोकं मात्र पांढरं झालं.

मग एका सुक्या हंगामात कर्णा लावलेली गाडी गावात फिरली. जिल्ह्याच्या इस्पितळात बुशाची शस्त्रक्रिया होणार, फुकट, ज्याला हवी त्यानं यावं. त्याचा मित्र सेफू, मासे कमी आणि बातम्या जास्त पकडणारा, ओट्यावर येऊन बसला.

"जाऊ नकोस," सेफू म्हणाला. "पाणी काढतात म्हणे, पण त्याच्याबरोबर बाकीचंही काढून घेतात."

"बाकीचं कशासाठी ठेवलंय रे मी? नारळ सोलायला?"

"ते तुझं तू बघ. पण बुशावाला माणूस म्हणजे किनाऱ्याचा जुना, भारदस्त माणूस. सपाट होऊन आलास तर तुला ओळखेल कोण?"

किब्वाना हसला. ज्यानं ओळखावं असं त्याला वाटत होतं, ते माणूस दाराच्या आत तांदूळ निवडत बसलं होतं आणि तिनं हे सगळं ऐकलं होतं. पूर्वी सेफूच्या एका वाक्यावर तिनं आतून दहा फेकली असती. आतून सुपाचा आवाज तेवढा येत होता. त्या क्षणी किब्वानाचं ठरलं. किळस जिच्यामुळे आली ती गोष्टच गेली, तर जीभ परत येईल, असा त्याचा साधा हिशेब होता. बुशाचं ओझं त्याला जन्मभर वाहवलं असतं, पण ते शिकामू आता सहन होत नव्हतं.

इस्पितळाच्या आवारात किनाऱ्यावरचे सगळे कांझू जमले होते. कुणी एकमेकांकडे बघत नव्हतं आणि सगळे एकमेकांचे बुशे बघत होते. एकेकाला पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत नेत. सिस्टरनं किब्वानाच्या बुशाला मागून बॅटरी लावली आणि तो आतून लाल उजळला, मुठीत बॅटरी धरल्यावर बोटं उजळतात तसा. किब्वाना खाली बघतच राहिला. इतकी वर्षं बाळगलेली वस्तू आतून सुंदर दिसते, हे त्याला अगदीच अनपेक्षित होतं.

"पाणीच आहे," डॉक्टर म्हिना म्हणाले. "आतडं उतरलेलं असतं तर उजेड आरपार आला नसता. त्याची शस्त्रक्रिया वेगळी. तुमचं काम सोपं आहे, बाबा."

"सोडलं हो मी," किब्वाना घाईनं म्हणाला. "तरुणपणीच सोडलं. थेंब नाही घेतला."

"काय सोडलंत?"

"शहाळं."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. हे त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलेलं नसावं. "बाबा, शहाळ्याचा काही संबंध नाही. हा डासाचा उद्योग. डास चावतो, त्याच्याबरोबर दोऱ्यासारखे किडे अंगात शिरतात, आणि अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाटा ते खराब करतात. मग पाणी साचतं. शहाळं खुशाल प्या."

"डास?" किब्वाना म्हणाला.

"डास."

किब्वाना बाकावर बसला. त्याला डासाचा राग आला नाही. डोळ्यांसमोर ती सगळी शहाळी आली, त्यानं उतरवलेली, लोकांनी प्यालेली. घसा एकदम कोरडा पडला आणि रडू आलं. सिस्टरला वाटलं, घाबरला. तिनं पाठीवर हात ठेवला.

पाठीच्या कण्यात सुई दिली तेव्हा त्याचे पाय हळूहळू दुसऱ्या कुणाचेतरी झाले. मधे हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडे बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. डॉक्टरांनी एका बाटलीत थोडं दाखवलं, फिक्या चहासारखं. नुसतं पाणी काढून भागत नाही, ते म्हणाले. ज्या पडद्यात ते साचतं तो ठेवला तर पुन्हा भरतं. म्हणून तो जादाचा पडदाही कापून, उरलेला उलटा करून शिवला. "बाकीचं सगळं जागेवर आहे," ते मुद्दाम म्हणाले. सेफूसारखे मित्र गावोगाव असणार.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर मझे शारिफू, म्हणजे शारिफू आजोबा, होते. बुशावाल्यांत ते एकटेच निराळे. त्यांच्या लघवीच्या वाटेवरची गाठ वयामुळे सुजली होती, लघवी तुंबली होती, म्हणून नळी घालून पिशवी लावली होती आणि गाठीची शस्त्रक्रिया व्हायची होती. त्यांची बायको डबा घेऊन आली की दारातूनच सुरू व्हायची.

"मेल्या, जन्मभर सगळं धरून ठेवायची सवय. मला माहेरी जायच्या वेळीसुद्धा धरून ठेवायचास. आता मूतही धरून ठेवलंस! सोड की जरा काही!"

"हळू बोल, लोक ऐकतात."

"ऐकू देत. पिशवी तर सगळ्यांना दिसतेच आहे."

सगळा वॉर्ड टाक्यांवर हात दाबून हसायचा. मझे शारिफू वैतागल्यासारखं करायचे, पण पाठीशी उशी घेऊन तिची वाट बघत बसायचे. किब्वाना भिंतीकडे तोंड करून पडायचा. इतका हेवा त्याला कधी कुणाचा वाटला नव्हता. मग तातू यायची. डबा उघडायची, कांजी वाटीत ओतायची, चमचा पुसून द्यायची.

"शिकामू. दुखतंय का?"

"नाही."

"बरं."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. पांघरुणाखाली आता सपाट होतं, तिला ते दिसत होतं. काही बोलेल, आज बोलेल. ती डबा विसळून परत जायची.

टाके सुकले, त्याला घरी सोडलं. गावानं ओट्यावर गर्दी केली. मुलांनी नुसतं कांझूकडे बघितलं आणि ती ओरडत पळाली. किब्वानानं मशिदीत इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कपाळ टेकलं आणि मागून कुणीतरी मोठ्यानं अल्लाचे आभार मानले. सगळं झालं. आणि दुसऱ्या सकाळी चहाचा कप समोर आला, खाली मान घालून तातू म्हणाली, "शिकामू."

त्या दिवशी किब्वानाला कळलं की आपला हिशेब चुकला. इतकी वर्षं दोष द्यायला तो बुशा तरी होता. आता तोही नाही. त्यानं चहा घेतला नाही. तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, मेल्या ऐकण्यासाठी त्यानं पुन्हा टेबलावर चढून पाठीत सुई घेतली असती.

दुपारी सेफू आला. येताना कुणाकडून तरी एक शहाळं मागून घेऊन आला होता, आणि चोरासारखा इकडे तिकडे बघत होता.

"नक्की ना?" त्यानं विचारलं. "डॉक्टरच म्हणाला ना? नाहीतर गाव मला फाडून खाईल."

"डॉक्टरच म्हणाला. शहाळं नाही, डास. डास चावला, आत किडा शिरला, पाणी साचलं. बस्स. माझ्या शहाळ्याचा काही दोष नव्हता, कुणाचाच काही दोष नव्हता." किब्वानानं शहाळं तोंडाला लावलं. गोड पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. शेवटचा थेंब उतरेपर्यंत त्यानं ते खाली ठेवलं नाही.

सेफू गेला. तातू दाराच्या चौकटीत उभी होती. हातात सूप, सुपात तांदूळ, आणि तांदूळ सांडत होते. तिचं लक्ष नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"डास."

"नक्की डास?"

"डास म्हणाला तातू. दोनदा विचारलं मी."

"बोलण्यानं नाही होत? कुणी... कुणी बोललं म्हणून?"

"बोलण्यानं? बोलण्यानं कसं होईल?"

ती ओट्यावर खाली बसली, त्याच्या झापांवरच. मग म्हणाली, "म्वानाकोंबोच्या वाडीत तू नारळ पाडत होतास. ती खाली उभी राहून हसत होती, आणि तू वर स्वतः पीत पीत तिला शहाळी टाकत होतास. मला राग आला. थट्टेचा नाही, खरा. मी सगळ्यांदेखत ओरडले."

"हो."

"मी म्हटलं, पी मेल्या, अजून पी. एक दिवस..."

"एक दिवस लुंगीत रांजण लटकेल," किब्वाना म्हणाला, "आणि माडसुद्धा तुला मिठीत घ्यायचा नाही."

तातूनं तोंडावर पदर घेतला. "थोड्याच महिन्यांनी तुला गाठ आली. ती वाढत गेली. रांजणच झाला रे. आणि माडानंही तुला सोडलं. मी बोलले ते सगळं तसंच झालं. कुणाला सांगू? मला वाटलं, ही जीभ आणखी काय काय करील. पडशील म्हटलं तर पडशील, मर म्हटलं तर... म्हणून बांधून टाकली. शिकामूनं कुणाचं वाईट होत नाही. तेवढंच ठेवलं."

किब्वानानं शहाळं सोडलं होतं, तिनं बोलणं सोडलं होतं, दोघंही एकाच दाराच्या आत-बाहेर उपाशी राहिले होते, आणि डास मात्र रोज संध्याकाळी दोघांकडे जेवून जात होता.

"अगं, तो तर मला सगळ्यांत आवडला होता," तो म्हणाला. "रांजणाचा. मी सेफूला सांगितला, होडीवाल्यांना सांगितला. नदीपलीकडे लोक तो अजून म्हणतात. मला वाटलं, तुला माझी किळस येते."

"किळस? मी पावसात दार उघडं ठेवून झोपायचे. तू आत येशील म्हणून."

"मला वाटलं, वारा यावा म्हणून ठेवतेस."

समोरून बकऱ्या गेल्या. मग किब्वाना म्हणाला, "बोल की आता काहीतरी."

तातूनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "येत नाही रे," ती म्हणाली. "विसरले."

"मी सांगतो." आणि तो तिचेच टोमणे तिला म्हणून दाखवू लागला. लग्नाच्या पहिल्या आठवड्यातला, त्याच्या घोरण्याला ताशा-वाजंत्री म्हटलेला. मुलगी झाली तेव्हाचा, नाक बापावर गेलं नाही म्हणून बकरा कापू म्हटलेला. त्याच्या चुलत्याच्या मयतीतला. त्याच्या चालीला कासव म्हटलेला. एकामागून एक, जपमाळेसारखे. तातू ऐकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मधेच तिनं त्याचा हात धरला.

"कासव नव्हतं म्हटलं," ती म्हणाली. "कासव पोचतं तरी. मी गोगलगाय म्हटलं होतं."

"गोगलगाय," किब्वानानं मान्य केलं. मग हळूच विचारलं, "आणि मधल्या वर्षांतले? तुला सुचत तर असतील."

"रोज सुचायचे. सकाळी चहा ठेवताना तर हमखास. गिळायचे."

"त्यातला एखादा?"

तिनं मान हलवली. "नाहीत आता. ज्याला म्हणायचे त्याला म्हटले नाहीत तर राहत नाहीत रे ते."

किब्वानाला त्या टोमण्यांसाठी असं काही वाईट वाटलं की शहाळ्यांचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. शहाळी माडाला पुन्हा लागतात. तिच्या ऐन भरातली ती सगळी वर्षं, रोजचा एक, आणि त्यातला एकही त्याच्या वाट्याला आला नाही. तो मान खाली घालून झापाची कड चाचपत राहिला.

तातूनं डोळे पुसले. त्याच्या सपाट कांझूकडे बघितलं, मग त्याच्या पांढऱ्या डोक्याकडे बघितलं.

"डॉक्टरनं बादलीभर पाणी काढलं म्हणतोस ना?"

"हो."

"मग मेल्या, डोक्यातलं कशाला ठेवलंन?"

किब्वानाला हसता आलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि हातांआडून म्हणाला, "पुन्हा म्हण."